बिंदू वक्राबाहेर असतो तेव्हा: एका चुकलेल्या स्पर्शिकेचा प्रकरण अभ्यास

प्रश्न असा होता: य = क्ष² या वक्राच्या, (१, −३) या बिंदूतून जाणाऱ्या सर्व स्पर्शिकांची समीकरणं काढा.

कोथरूडला माझ्याकडे बारावी सायन्सच्या मुलामुलींचा एक छोटा गट गणिताला येतो. त्यातल्या एका मुलीने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं देते:

य = क्ष²
विकलज = २क्ष
क्ष = १ ठेवून, चढ = २
य + ३ = २(क्ष − १)
म्हणून य = २क्ष − ५

शेवटच्या ओळीभोवती पट्टीने आखलेली चौकट. खाडाखोड कुठेही नाही, आणि सुटी सुटी पाहिली तर आकडेमोडीची एकही ओळ चूक नाही. विकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा चढ देणारी राशी) बरोबर आहे, २ गुणिले १ बरोबर दोनच, आणि ही रेषा (१, −३) मधून जातेही. फक्त ती स्पर्शिका नाही. क्ष² = २क्ष − ५ मांडलं की क्ष² − २क्ष + ५ = ० येतं. त्याचा विवेचक ४ − २० म्हणजे −१६. वास्तव मुळं नाहीत, म्हणजे रेषा आणि वक्र यांची कुठेच गाठ पडत नाही. स्पर्श करणं तर लांबच.

ही चूक अगदी नेहमीची आहे. बारावीच्या विकलजाच्या उपयोजनांच्या धड्याची सुरुवातच टँजंट (स्पर्शिका) आणि नॉर्मल (अभिलंब, म्हणजे स्पर्शबिंदूपाशी स्पर्शिकेला लंब असलेली रेषा) यांनी होते, आणि हे असलं उत्तर दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडतं. लाल पेनाने काट मारून शेजारी बरोबर रीत लिहून देणं सोपं असतं. पण ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, गणितात पक्की, साखळी नियमाची उदाहरणं तोंडी सोडवणारी. 'कन्सेप्ट कच्ची आहे' हा शेरा तिला लागू पडत नव्हता. म्हणून ती नेमका काय विचार करत होती, ते आधी काढून घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा विचारलं, याच वक्राची (२, ४) पाशी स्पर्शिका किती? वही न उघडता तिने सांगितलं, य = ४क्ष − ४. बरोबर. मग विचारलं, (१, −३) हा बिंदू वक्रावर आहे का?

"नाही मॅडम. एकचा वर्ग एक. वजा तीन कसा येईल?"

"मग तिथे चढ दोन कुठून आणलास?"

"डेरिव्हेटिव्हमध्ये य येतच नाही ना. क्ष एक आहे, म्हणून स्लोप दोन."

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. तिने प्रश्न घाईत वाचला नव्हता आणि बिंदू वक्रावर नाही हेही तिला ठाऊक होतं. पण त्याने काही बिघडतं असं तिला वाटत नव्हतं, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर तसं वाटण्याला कारणही आहे. २क्ष या राशीत क्षची कुठलीही किंमत घाला, ती उत्तर देते. बिंदूची उंची ती विचारतच नाही. १ घाला, २ मिळतात. मग तुमच्या मनातला बिंदू (१, १) असो, (१, −३) असो की (१, १००) असो. क्षपासून चढाकडे जाताना मधे एक मुक्काम असतो: आधी क्षवरून वक्रावरचा बिंदू ठरतो, मग त्या बिंदूपाशी वक्राचा चढ ठरतो. य = क्ष² सारख्या वक्राचं विकलज लिहिताना हा मधला मुक्काम कागदावर दिसतच नाही. ज्याला तो कधी दाखवलाच नाही, त्याने तो गाळला तर त्याचा दोष किती?

वहीच्या मागच्या पानावर दुसरा पुरावा मिळाला. ती आधी ज्या क्लासला जात होती, तिथल्या नोट्समधून उतरवलेली टँजंटची कृती. पहिली पायरी, विकलज काढा. दुसरी, त्यात दिलेला बिंदू घाला. तिसरी, य − य₁ = म(क्ष − क्ष₁) हे सूत्र वापरा (म म्हणजे चढ). चौथी, समीकरण सोपं करा. ही कृती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, कारण बहुतेक उदाहरणांत ती चालते. त्या उदाहरणांत बिंदू वक्रावरचाच दिलेला असतो, किंवा नुसती क्षची किंमत दिलेली असते. त्यामुळे कृतीने तिला तोवर कधी दगा दिला नव्हता. पण सूत्रातला (क्ष₁, य₁) दोन वेगळी कामं करतो हे त्या चार पायऱ्यांत कुठेच येत नाही. रेषा ज्यातून जाते तो बिंदू, हे एक काम. जिथे चढ मोजायचा तो बिंदू, हे दुसरं. बिंदू वक्रावर असेल तर दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडतात आणि फरक झाकला जातो. बिंदू वक्राबाहेर गेला की दोन कामांना दोन बिंदू लागतात. त्यातला दुसरा प्रश्नात दिलेला नसतो, तो आपल्याला शोधायचा असतो.

गंमत अशी की हे तिने आधी केलेलं होतं. दहावीच्या भौमितिक रचनांमध्ये वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या असतात. बिंदू वर्तुळकेंद्राशी जोडायचा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, मध्यबिंदूवर कंपासचं टोक ठेवून दुसरं वर्तुळ काढायचं, आणि दोन वर्तुळं जिथे छेदतात ते स्पर्शबिंदू. मग पट्टी लावून रेषा आखायच्या. त्या रचनेत बाहेरच्या बिंदूपाशी चढ कुणीच मोजत नाही. सगळा खटाटोप स्पर्शबिंदू मिळवण्याचा. तिला हे आठवण करून दिल्यावर ती म्हणाली, "पण ते जॉमेट्रीत होतं." हे दोन विषय एकच आहेत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि अकरावीत माध्यम बदललं, पुस्तकं बदलली, तशी ती वहीही माळ्यावर गेली.

मग आलेख कागद घेतला. तिने य = क्ष² चा वक्र, म्हणजे पॅराबोला, काढला, खाली आपली रेषा काढली. दोघांमध्ये सरळ मोकळी जागा दिसली. ती किती आहे हे मोजायला सांगितलं. कुठल्याही क्षपाशी उभं अंतर क्ष² − (२क्ष − ५), म्हणजे (क्ष − १)² + ४. वर्ग ऋण होत नाही, म्हणून अंतर चारापेक्षा कमी कधीच नाही; क्ष = १ पाशी बरोबर चार. हा चार पुढे परत भेटणार आहे.

आता कागद उलटा धरला, म्हणजे पॅराबोलाची टेकडी झाली आणि (१, −३) तिच्या वर हवेत गेला. वेताळ टेकडीवर संध्याकाळी घारी घिरट्या घालतात. त्या बिंदूत घार आहे असं समज, म्हटलं. टेकडीचा कुठून कुठपर्यंतचा उतार तिला दिसेल? मुलगी लगेच दोन्ही बाजूंना बोटं फिरवू लागली. जिथे नजर टेकडीला घासून जाते तिथपर्यंत, त्यापलीकडचं टेकडीआड. आणि घारीच्या अगदी खालचा बिंदू? तिथे नजर सरळ खाली पडते, घासत नाही. क्ष = १ पाशी मोजलेल्या चढाचा या नजरेशी काही संबंध नाही, हे तिने स्वतःहून म्हटलं. घासण्याच्या जागा दोन आहेत, म्हणजे उत्तरंही दोन असणार, हेही.

तिथून पुढचं काम तिने सलग केलं. स्पर्शबिंदू माहीत नाही, म्हणून तो (अ, अ²) धरला. तिथे चढ २अ. स्पर्शिका य − अ² = २अ(क्ष − अ), म्हणजे य = २अ·क्ष − अ². ही (१, −३) मधून जायला हवी, म्हणून −३ = २अ − अ², म्हणजे अ² − २अ − ३ = ०. अवयव (अ − ३)(अ + १). अ = ३ घेतलं की य = ६क्ष − ९, अ = −१ घेतलं की य = −२क्ष − १. दोन्हींत क्ष = १ घालून −३ येतात का ते तिने पडताळून पाहिलं. येतात. घारीला −१ पासून ३ पर्यंतची टेकडी दिसते.

इथे थांबता आलं असतं. पण तिने विचारलं, "मॅडम, मग माझी रेषा कशाची आहे?"

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात हा सर्वांत मोलाचा प्रश्न होता. चुकीच्या उत्तरातही एक रेषा निघाली होती, नेमक्या आकड्यांची, आणि ती कशाची तरी असणारच. म्हणून तिला दोन स्पर्शबिंदू जोडायला सांगितले: (३, ९) आणि (−१, १). चढ, ८ भागिले ४, म्हणजे २. जीवेचं समीकरण य = २क्ष + ३. तिने मान वर करून पाहिलं. तिच्या रेषेचाही चढ दोनच होता. मग टेकडीवर घारीच्या अगदी खाली जो बिंदू, (१, १), त्याची स्पर्शिका काढली: य = २क्ष − १. तिन्ही एकाखाली एक लिहा:

य = २क्ष + ३, स्पर्शबिंदू जोडणारी जीवा
य = २क्ष − १, (१, १) पाशीची स्पर्शिका
य = २क्ष − ५, तिची रेषा

तिन्ही समांतर, आणि शेजारच्या दोघींमधलं उभं अंतर चार नि चार. आधी निघालेला चार तो हाच. म्हणजे तिची रेषा वाट चुकून कुठेतरी गेलेली नव्हती. स्पर्शबिंदूंच्या जीवेचं ती वक्राच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर पडलेलं समांतर जोड होती.

हा योगायोग आहे का, हे आम्ही अक्षरांनी तपासलं. बाहेरचा बिंदू (प, फ) घेतला. स्पर्शबिंदूंचं समीकरण अ² − २प·अ + फ = ०. मुळांची बेरीज २प, गुणाकार फ. पॅराबोलावरचे दोन बिंदू (अ, अ²) आणि (ब, ब²) जोडणाऱ्या जीवेचा चढ (ब² − अ²) भागिले (ब − अ), म्हणजे अ + ब. तो २प निघतो. आणि प पाशी विकलजाची किंमतही २पच. मुळांची बेरीज ही दहावीच्या वर्गसमीकरणातली गोष्ट. ती इथे तिच्या चुकलेल्या चढाचा खरा अर्थ सांगत होती. उभं अंतरही दोन्हीकडे सारखंच, प² − फ, आणि आपल्या उदाहरणात १ + ३ = ४.

ही गोष्ट फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने पॅराबोलाच्या जीवेने कापलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढलं, तेव्हा त्याने हाच गुणधर्म आधी सिद्ध झालेला म्हणून वापरला होता: जीवेच्या मध्यातून अक्षाला समांतर रेषा काढली, तर वक्रावरचा बिंदू हा जीवा आणि स्पर्शिकांचा छेदनबिंदू यांच्या बरोबर मध्ये येतो. आपल्या आकृतीत क्ष = १ या रेषेवर जीवा ५ वर, वक्र १ वर, बाहेरचा बिंदू −३ वर. विकलज कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हाचं हे ज्ञान.

वर्तुळालाही हे लागू पडतं का? क्ष² + य² = २५ घेतलं, बाहेरचा बिंदू (७, १). विकलज −क्ष/य. त्यात (७, १) घातला की −७. तिच्या जुन्या कृतीने इथे −७ चढाची रेषा आली असती. खरे स्पर्शबिंदू (३, ४) आणि (४, −३). पडताळा सोपा आहे: ३×७ + ४×१ = २५, आणि ४×७ − ३×१ = २५. हे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा चढ −७. पुन्हा तेच. सर्व शांकवांसाठी (वर्तुळ, पॅराबोला अशा दुसऱ्या घाताच्या वक्रांसाठी) हे खरं आहे: बाहेरच्या बिंदूचे सहनिर्देशक विकलजाच्या राशीत घातले, तर मिळणारा चढ स्पर्शबिंदू जोडणाऱ्या जीवेचा असतो. स्पर्शिकांचा नसतो.

मात्र ही मौज दुसऱ्या घातापुरतीच. य = क्ष³ घेऊन (१, ०) मधून स्पर्शिका काढल्या, तर स्पर्शबिंदू (०, ०) आणि (३/२, २७/८) येतात. जीवेचा चढ ९/४. विकलज ३क्ष², त्यात १ घातला की ३. जुळत नाही. हे मी मुद्दाम लगेच करून घेतलं. सुंदर गुणधर्म हाती लागला की मुलं तो सगळीकडे वापरू पाहतात, आणि त्याची हद्द त्याच दिवशी दाखवली नाही तर तो पुढे नव्या चुकीचं मूळ होतो.

गटातल्या एका मुलाने तोवर मूळ प्रश्न विकलजाशिवाय सोडवला होता, त्याबद्दलही लिहायला हवं. (१, −३) मधून जाणारी, म चढाची रेषा य = म(क्ष − १) − ३. ती पॅराबोलाला मिळवली की क्ष² − म·क्ष + म + ३ = ०. स्पर्श म्हणजे समान मुळं, म्हणजे विवेचक शून्य: म² − ४म − १२ = ०, म्हणून म = ६ किंवा −२. तीच दोन उत्तरं. या रीतीत चुकायला जागाच कमी, कारण बाहेरचा बिंदू फक्त रेषा ठरवतो आणि स्पर्शाची अट वेगळी लिहावी लागते. समान मुळांची ही कल्पना देकार्तने १६३७ साली वक्रांचे अभिलंब काढायला वापरली होती. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंस्था स्थापन करणारे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर शाळेतल्या बीजगणिताच्या ताकदीबद्दल फार आग्रही असत. अशा ठिकाणी त्यांचं म्हणणं पटतं.

तरी विकलजाची रीत मी पुढे ठेवते. घातांकी वक्र य = ई^क्ष घ्या आणि आरंभबिंदूतून, म्हणजे (०, ०) मधून, स्पर्शिका मागा. तिथे विवेचक नावाची वस्तूच नाही. स्पर्शबिंदू (अ, ई^अ) धरला की चढही ई^अच, म्हणून ई^अ = अ·ई^अ, अ = १, स्पर्शिका य = ई·क्ष. तीन ओळींत काम झालं.

तिच्या वहीतली कृती आम्ही नव्याने लिहिली. बिंदू वक्रावर आहे का, ते आधी तपासा. नसेल तर स्पर्शबिंदूला नाव द्या, चढ त्या नावात लिहा, आणि दिलेला बिंदू अगदी शेवटी, रेषेच्या समीकरणात घाला. 'विकलजात दिलेला बिंदू घाला' ही जुनी ओळ तिने स्वतः काट मारून काढली.

पुढच्या बैठकीला मी तिला मुद्दाम अडचणीचं उदाहरण दिलं: य = क्ष³ च्या, (१, १) मधून जाणाऱ्या सर्व स्पर्शिका. इथे बिंदू वक्रावरच आहे. नव्या कृतीची पहिली पायरी तपासली की जुनी रीत चालेल असं वाटतं आणि य = ३क्ष − २ हे एकच उत्तर लिहून मुलं मोकळी होतात. ती क्षणभर थांबली आणि तरीही (अ, अ³) धरून निघाली. १ = ३अ² − २अ³, म्हणजे २अ³ − ३अ² + १ = ०, म्हणजे (अ − १)²(२अ + १) = ०. अ = १ ची स्पर्शिका अपेक्षित होती. अ = −१/२ ने दुसरी दिली: (−१/२, −१/८) पाशी स्पर्श करणारी, य = (३/४)क्ष + १/४, आणि तीही (१, १) मधून जाते. कृतीतली पहिली पायरी पुरेशी नाही, हे तिच्या लक्षात आलं. बिंदू वक्रावर असला तरी त्यातून जाणाऱ्या स्पर्शिकेने तिथेच स्पर्श करायला हवा असं काही नाही. तिने ती ओळ बदलून लिहिली: प्रश्नात 'मधून जाणाऱ्या' असेल तर बिंदू कुठेही असो, स्पर्शबिंदू अ च धरायचा.

य = ३क्ष − २ ही रेषा वक्राला क्ष = −२ पाशी पुन्हा छेदते, हे तिने आलेखावर पाहिलं आणि विचारलं की मग तिला स्पर्शिका म्हणायचं का. म्हणायचं. वर्तुळाच्या बाबतीत स्पर्शिका एकाच बिंदूत भेटते ही गोष्ट इथे टिकत नाही. टिकतं ते एवढंच की स्पर्शबिंदूपाशी रेषेचा आणि वक्राचा चढ एक असतो, म्हणूनच क्ष³ − ३क्ष + २ चे अवयव (क्ष − १)²(क्ष + २) असे पडतात. वर्ग स्पर्शाचा, एकेरी अवयव छेदाचा.

मग ती आणि तो मुलगा दोघं मिळून एका वेगळ्याच मागे लागले: य = क्ष³ ला कुठल्या बिंदूतून किती स्पर्शिका जातात? (प, फ) साठी समीकरण २अ³ − ३प·अ² + फ = ०. डावीकडच्या राशीचं विकलज ६अ(अ − प), म्हणून वळणं अ = ० आणि अ = प पाशी, आणि तिथल्या किमती फ आणि फ − प³. या दोन किमतींची चिन्हं विरुद्ध असतील तर मुळं तीन. म्हणजे बिंदू क्ष अक्ष आणि वक्र यांच्या मधल्या पट्ट्यात असेल तर तीन स्पर्शिका, अक्षावर किंवा वक्रावर असेल तर दोन, बाहेर असेल तर एक. आणि आरंभबिंदू वक्रावर असूनही तिथून एकच. मुलाने (२, ४) घेऊन पडताळा केला: अ³ − ३अ² + २ = ०, अवयव (अ − १)(अ² − २अ − २). स्पर्शबिंदू अ = १, १ + √३ आणि १ − √३ पाशी. मुलीने आलेख कागदावर तो पट्टा पेन्सिलीने भरला, आणि अक्ष स्वतःच आरंभबिंदूपाशीची स्पर्शिका आहे म्हणून तो सीमेवर येतो, असं शेजारी लिहिलं.